पीयूसीपासून बंबापर्यंत: धुराच्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी तेवीस वर्षं गॅरेज चालवलं. शेवटची नऊ वर्षं त्याला लागूनच टपरीएवढ्या खोलीत पीयूसी केंद्रही होतं. आता गॅरेज पुतण्या बघतो, मी सकाळी चहापुरता जातो. पण धुराचा विषय निघाला की लोक अजून माझ्याकडेच वळतात, आणि हल्ली गाड्यांच्या जोडीला आंघोळीचं पाणी तापवायचा बंबही आलाय. शेजारी कुरकुरतोय, मुंबईत भट्ट्या बंद करायला लावल्या म्हणे, आता आमच्या बंबावरही बंदी येणार का? तीच तीच उत्तरं देऊन घसा कोरडा पडला, म्हणून इथे एकदाची लिहून ठेवतो. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. निम्मा गोंधळ दिल्लीच्या बातम्या आपल्याकडे लावल्यामुळे होतो.

धुराचे नियम करतं कोण, केंद्र की राज्य?

गाडीतून किती धूर निघालेला चालेल, ते आकडे केंद्राचे. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम, त्यातला नियम ११५. अंमल राज्याचा, म्हणजे परिवहन आयुक्त आणि त्यांच्या हाताखालची आरटीओ कार्यालयं.

हवेचा कायदा १९८१ चा. तोही केंद्राचाच, पण आपल्याकडे राबवतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्यातल्या कलम २० प्रमाणे राज्य सरकारने मंडळाशी सल्लामसलत करून आरटीओला गाड्यांच्या धुराबाबत सूचना द्यायच्या असतात. कलम १९ त्याहून दमदार आहे: ठरवून दिलेल्या क्षेत्रात अमुक इंधन जाळायचं नाही, मंजूर नसलेली शेगडी किंवा भट्टी वापरायची नाही, असं राज्य अधिसूचना काढून सांगू शकतं. हे कलम लक्षात असू द्या, बंबापाशी पोचलो की लागेल.

नव्या गाडीला पीयूसी कधीपासून लागते? मुदत किती?

पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष काही लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या मानकांचा टप्पा) वर्षाची मुदत, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. आपली गाडी कुठल्या बीएसची हे आरसीवर लिहिलेलं असतं. साधा ठोकताळा हवा असेल तर १ एप्रिल २०२० नंतर विकलेली नवी गाडी बीएस-६. सीएनजी गाडीलाही पीयूसी लागते. ‘गॅसवर चालते, धूर कुठला’ हे पोलिसाला सांगून उपयोग नाही. इलेक्ट्रिकला लागत नाही.

कागद गाडीत ठेवलाच पाहिजे असं नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दाखवला तरी चालतो.

केंद्रात नेमकं मोजतात काय?

हे कुणी विचारलं की मला बरं वाटतं, कारण बहुतेकांना फक्त पावती हवी असते.

पेट्रोल गाडी तापलेली हवी. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, गाडी आयडलिंगला ठेवतात, आणि यंत्र दोन गोष्टी वाचतं: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता निसटलेलं इंधन, दशलक्षात किती भाग ते. बीएस-४ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. २००० सालानंतरच्या जुन्या दुचाकींना तीच ३.५ टक्के, आणि त्याआधीच्यांना ४.५. एका नळकांड्याला दहा-पंधरा पट सवलत! अर्थात ही टक्केवारी आहे. दुचाकीचं इंजिन छोटं, एकूण वायू कमी. तरी सिग्नलला जुन्या स्कूटरच्या मागे थांबलं की डोळे का चुरचुरतात, ते या आकड्यावरून कळतं. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल कारचं इंजिन मिनिटाला साधारण २५०० फेऱ्यांवर नेऊन आणखी एक चाचणी असते. त्यात लॅम्डा बघतात, म्हणजे हवा आणि इंधन यांचा मेळ बरोबर बसलाय का ते.

डिझेलचा प्रकार वेगळा. तिथे धुराचा काळेपणा मोजतात. धुरातून प्रकाश आरपार सोडायचा आणि किती अडला ते बघायचं. चालक अॅक्सिलरेटर तळाशी दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. अशा काही वाचनांची सरासरी धरतात. काळेपणाचं माप हार्ट्रिज युनिट: जुन्या डिझेलला मर्यादा ६५, बीएस-४ ला ५०.

म्हणजे पीयूसी पास झाली की गाडी स्वच्छ?

नाही. माझा धंदाच तो होता, तरी सांगतो.

या चाचणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. ते तयार होतात ते इंजिनवर ताण आल्यावर, आतलं तापमान चढल्यावर. खंबाटकी घाट चढणाऱ्या भरल्या गाडीच्या धुरात ते भरपूर असतात. केंद्रासमोर न्यूट्रलमध्ये घुरघुरणाऱ्या गाडीत नावाला. छातीत खोल उतरणारे बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, तेही वेगळे मोजले जात नाहीत. डिझेलचा काळेपणा हा त्यांचा ढोबळ अंदाज.

खरी परीक्षा कंपनीच्या गाडीची होते, बाजारात यायच्या आधी, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर चालवून. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते, बीएस-६ ला ८०. कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. इंधनातलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणलं, कारण जास्त गंधक असलं की ही नवी उपकरणं टिकत नाहीत. एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलना खऱ्या रस्त्यावरचीही चाचणी आली. हवा थोडीफार सुधारते ती या खटपटीतून. तुमची वार्षिक पीयूसी एवढंच बघते की कारखान्यातून बरी निघालेली गाडी तुम्ही अगदीच बिघडवली नाही ना. कामाची आहे, पण तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

आमच्याकडे एक जण गाडी न नेता पीयूसी देतो. चालतं का?

मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. नंबर प्लेटचा फोटो काढायचा, यंत्रात दुसऱ्याच गाडीची नळी, झालं काम. केंद्रं ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीला ऑनलाइन जोडल्यापासून हे अवघड झालंय, संपलेलं नाही.

आणखी एक जुनी हातचलाखी आमच्या गॅरेज लाइनमधली. कार्ब्युरेटरच्या स्कूटरचा मिक्श्चरचा स्क्रू चाचणीपुरता अर्धा आटा फिरवायचा, पास करून घ्यायची, आणि बाहेर येऊन परत पहिल्या जागी. गाडी झटके देते म्हणून गिऱ्हाईकच सांगायचं, ‘पहिल्यासारखं करून द्या.’ मीही दिलंय. लपवत नाही.

कायद्याचं म्हणाल तर प्रमाणपत्र खिशात असलं तरी गाडी डोळ्यांना दिसेल एवढी धूर ओकत असेल, तर अधिकारी ती पुन्हा तपासायला लावू शकतो. कागद तुम्हाला तिथे वाचवत नाही.

दंड किती?

मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२), २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. दुसऱ्या वेळी कैद सहा महिन्यांपर्यंत. ही वरची मर्यादा आहे. रस्त्यावर ई-चलनात येणारी तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं.

पीयूसी नसेल तर विमा मिळत नाही ना?

हा गैरसमज आता जुना झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं सांगितलं होतं, त्यातून तो पसरला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच ती अट काढून घेतली. लोक विम्याविनाच गाड्या फिरवायला लागले आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळेना, हे त्यामागचं कारण. पीयूसी नाही म्हणून अपघाताचा दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय.

गाडी नापास झाली. आता?

केंद्रवाला तुम्हाला नापासाची चिठ्ठी देईल, २०२१ पासून तशी सोय आहे. ती घेऊन मेकॅनिककडे जा, पण त्याआधी स्वतः धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: रिंग गेल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेले, काम खर्चाचं. काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. नव्वद टक्के वेळा आधी एअर फिल्टर काढून झटकून बघायचा. आमच्याकडे उसाच्या हंगामात रस्त्यावर इतकी धूळ असते की फिल्टर गोणपाटासारखे व्हायचे. पांढरा आणि लगेच विरणारा असेल तर थंडीतली वाफ, तिच्यामागे लागू नका. पांढरा आणि रेंगाळणारा असेल तर कूलंट आत जातंय का बघा.

टू-स्ट्रोक अजून वापरणारे दोन-चार जण आहेत गावात. त्यांना एकच सांगणं, ऑइल ‘जरा जास्त’ घालून इंजिन जास्त टिकत नाही. धूर मात्र होतो.

सायलेन्सरमधला कॅट काढला तर गाडी जास्त पळते म्हणतात.

आवाज जास्त होतो, त्यामुळे पळतेय असं वाटतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. त्यावरून जाताना विषारी वायू बऱ्यापैकी निरुपद्रवी होतात. चार महानगरांत तो नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून आला. शिशाचं पेट्रोल त्या थराची वाट लावतं, म्हणून २००० पर्यंत शिसंच देशभरातून काढलं. एवढा खटाटोप करून बसवलेली वस्तू पोरं भंगारात विकतात आणि जागेवर सरळ पाइप लावतात. मालकाने गाडीत असा बदल केला तर कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आहे.

बीएस-६ डिझेलवाल्यांची तक्रार वेगळी आणि खरी असते: डीपीएफचा दिवा लागतो. हा काजळी धरणारा फिल्टर स्वतःच तापून काजळी जाळतो, पण त्यासाठी गाडी थोडा वेळ एका वेगात चालावी लागते. रोज घर ते बँक, दोन किलोमीटर, आणि परत, अशा वापराला तो तुंबणारच. दिवा लागला की हायवेला अर्धा तास काढून या. आणि ज्याचा रोजचा वापरच दोन किलोमीटरचा आहे त्याने मुळात डिझेल घ्यावी का, हा प्रश्न शोरूममध्ये विचारायचा होता.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते का?

महाराष्ट्रात खासगी गाडीला तशी सक्ती नाही. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली परिसरासाठी निघाला होता. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. व्यावसायिक गाड्यांना हा कर आठ वर्षांनंतरच लागू होतो. ‘कर भरला म्हणजे धूर करायला मोकळे’ असा एका गिऱ्हाइकाने अर्थ लावला होता. तसं नाही, पीयूसी लागतेच.

मुंबईतून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हद्दपार करता येतील का, हे बघायला जानेवारी २०२५ मध्ये राज्याने समिती नेमली, त्यावरून व्हॉट्सअॅपवर बरंच वादळ झालं. समिती नेमणं आणि बंदी घालणं यात फरक आहे. पण मुंबईत न्यायालयाच्या रेट्याने गाड्या बदलल्याचा इतिहास आहे, हेही विसरू नका. धुराने बेजार झालेल्या रहिवाशांच्या मंचाने, स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने, उच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्यातून व्ही. एम. लाल समिती बसली, आणि पुढे तिथल्या टॅक्स्या-रिक्षा सीएनजीवर गेल्या.

मुंबईतल्या बेकऱ्यांचं नक्की काय झालं?

मुंबईच्या हवेचा प्रश्न उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला होता. त्यात ९ जानेवारी २०२५ ला आदेश झाला: लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं, आणि यापुढे लाकूड-कोळशाच्या नव्या भट्टीला परवानगी नाही. महापालिकेने आधी वर्षाची मुदत ठरवली होती, न्यायालयाने ती निम्मी केली. कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा गेल्या. मुदत जुलै २०२५ मध्ये भरली.

इराणी कॅफेतला ब्रून आणि गल्लीतला लादीपाव यांच्या चवीचं काय, यावर खूप हळहळ झाली. मी बेकरीवाला नाही, पण आमच्या गावची भट्टी मी आतून पाहिली आहे. तिथे आधी लाकूड जाळून विटा तापवतात, निखारे बाजूला ओढतात आणि मग पाव आत सारतात. पाव शेकतो तो बराचसा विटांत साठलेल्या धगीवर. त्यामुळे चवीचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. पैशाचा पूर्ण पटतो. भट्टीत जळत होतं ते काही बाभळीचं सुकं लाकूड नव्हतं. मोडलेल्या फर्निचरचं, प्लायचं, पाडलेल्या घरांच्या चौकटींचं लाकूड भंगारात स्वस्त मिळतं, म्हणून ते जळत होतं. पावाचा दर त्यावर टिकला होता. गॅसवर गेल्यावर तो फरक कुणीतरी भरायचा आहे, आणि तो बहुधा वडापाव खाणाराच भरेल.

हा आदेश मुंबईच्या प्रकरणातला आहे. कऱ्हाड-फलटणच्या बेकरीला तो आपोआप लागू होत नाही.

मग आमच्या घरच्या बंबावर बंदी आहे का?

नाही. घरच्या बंबाला, चुलीला परवाना लागत नाही, आणि त्याच्या धुराड्यातून किती धूर निघालेला चालेल असा आकडाही कुठे ठरवलेला नाही. वर सांगितलेल्या कलम १९ खाली राज्य उद्या तसं करू शकतं, अधिकार आहे. पण ज्या राज्यात लाखो घरांत अजून सरपणावर पाणी तापतं तिथे कुठलं सरकार सकाळी सहा वाजता न्हाणीघराबाहेर इन्स्पेक्टर उभा करेल?

गंमत बघा. शंभर सीसीच्या दुचाकीला दरवर्षी चाचणी आहे, आणि दुचाकीवाल्याच्या घरी रोज तासभर धुमसणाऱ्या बंबाला काहीच नाही. दुचाकीचा धूर रस्त्यावर सुटतो, वाऱ्याने पांगतो. बंबाचा धूर आधी जातो तो त्यात सरपण सारणारीच्या नाकात, आणि सारणारी बहुतेक घरांत बाईच असते. नियम जिथे संपतो तिथेच धूर सगळ्यात दाट, असा आपला कारभार आहे.

कारवाईची वेळ येते ती उपद्रवाच्या कलमांखाली. भारतीय न्याय संहितेत कलम २८० आहे, आरोग्याला घातक होईल इतकी हवा दूषित करणं, दंड एक हजारापर्यंत. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकारी तो उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतात.

शेजाऱ्याच्या बंबाचा धूर रोज आमच्या खिडकीत येतो. तक्रार कुठे करू?

आधी शेजाऱ्याकडे. कलमं वर दिली आहेत, पण प्रांत कचेरीचे खेटे घालण्याआधी दोन फुटांचा पत्र्याचा पाइप वाढवून बघा. आमच्या आळीतलं असंच भांडण चार वर्षं चाललं होतं. एका बाजूला म्हातारे अण्णा, त्यांना पाच वाजता कढत पाणी हवं. दुसऱ्या बाजूला दम्याची मुलगी असलेली सूनबाई. शेवटी धुराडं कौलांच्या वर काढलं, वर टोपी बसवली आणि अण्णांनी ओलं जळण सोडलं. खर्च दोघांनी अर्धा अर्धा केला. बोलणं अजून नाही, पण खिडकी उघडी असते.

शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य किंवा घनकचरा विभागाकडे, आणि कारखाना, भट्टी, गुऱ्हाळ असा व्यवसाय असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्या. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अॅपवरही तक्रार करता येते. फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या.

बंबात काय जाळावं, काय जाळू नये?

वाळलेलं जळण. हे एक पाळलंत तर निम्मा धूर गेला. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. आधी ते पाणी उकळून जातं, त्यात धग खर्च होते, जाळ थंड पडतो, आणि अर्धवट जळलेलं लाकूड धूर होऊन निघून जातं. म्हणजे जळणाचे पैसे धुराड्यातून बाहेर. लाकूड फोडून, पावसाळ्याआधी रचून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून वाळवायचं. वाळलंय का ते बघायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: ठण्ण वाजल्या तर वाळल्या, थप्प आवाज आला तर अजून ओल्या. टोकांना भेगाही पडतात.

तुराट्या, पऱ्हाट्या, चिपाडं चांगली पेटतात, पण भसकन जळून जातात, सारखी सारत बसावी लागतात. कोकणात नारळाच्या करवंट्या आणि सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं. करवंटीची धग उत्तम, सोडण ओलं असलं तर डोळ्यांत पाणी. शेणी हळू जळतात आणि धूर जास्त देतात; बंबापेक्षा त्या शेतात खत म्हणून बऱ्या.

आता नको ते. प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, एमडीएफ, रंगवलेल्या जुन्या खिडक्या. त्यातल्या डिंकात फॉर्मल्डिहाइडची रसायनं असतात, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घराचं काम काढलं की सुतार ढीगभर तुकडे मागे ठेवून जातो आणि ‘बंबाला होतील’ असं आपणच म्हणतो. दुधाच्या पिशवीने बंब पेटवायची तर घराघरात सवय आहे. टायरचा तुकडा, जुनी चप्पल, थर्माकोल, काही नको. असल्या जाळाची राख झाडांना किंवा भांडी घासायलाही घेऊ नका.

पेटवण्याची पद्धत: आधी खालची राख काढून जाळी मोकळी करा, वारा तिथूनच चढतो. मधली नळी गच्च भरू नका. ती धुराडंही आहे, तिचा गळा आवळला की धूर खाली उलटतो. बारीक काटक्यांवर जाळ धरला की थोडं थोडं वरून सोडा. बोरिंगचं जड पाणी असेल तर आतून पांढरा थर बसतो, त्यातून धग पाण्यात लवकर शिरत नाही; वर्षातून एकदा तो काढून घ्या, जळण वाचतं.

बंब न्हाणीघरातच ठेवला आणि दार लावून आंघोळ केली तर?

करू नका. हा प्रश्न नियमाचा नाही, जिवाचा आहे. पीयूसी केंद्रात ज्या कार्बन मोनॉक्साइडसाठी एवढं यंत्र लावतो, तोच वायू धुमसत्या निखाऱ्यांतून निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं आणि दाराची कडी काढता येत नाही. धूर दिसत नसला तरी निखारे असेपर्यंत धोका असतो, उलट धूर दिसेनासा झाला की आपण निर्धास्त होतो. बंब पडवीत किंवा परसात हवा. आत असेलच तर धुराडं भिंतीबाहेर आणि वर-खाली दोन्हीकडे झरोके. गॅस गीझरलाही हेच लागू, तो ‘आधुनिक’ आहे म्हणून सुटत नाही. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून झोपणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

थंडीतच धूर एवढा का साचतो?

रात्री जमीन थंड होते, तिला लागलेली हवाही थंड आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालची हवा वर जाऊच शकत नाही. डिसेंबरात सकाळी साताऱ्याहून अजिंक्यताऱ्यावर चढलात की गावावर करडी चादर पसरलेली दिसते, ती हीच. ऊन तापलं की झाकण उघडतं. त्यामुळे दम्याच्या, हृदयाच्या माणसांनी या दिवसांत पहाटेचं चालणं आठनंतर ठेवावं. आपल्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली.

शेकोटी, होळी, कचरा?

कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. झाडून गोळा केलेला पाला पेटवणारा सफाई कामगार असो की सोसायटीचा वॉचमन, नियम तोच. फक्त वॉचमनला रात्रपाळीत ऊब हवी असते. सोसायटीने त्याला स्वेटर आणि बंद केबिन दिली तर तो टायर पेटवणार नाही.

होळीला बंदी नाही. शहरात होळीसाठी विनापरवाना झाड तोडणं हा मात्र १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली गुन्हा आहे.

धूर कमी करणारी चूल किंवा बंब बाजारात आहे का?

चुलीला मानक आहे: आयएस १३१५२. साध्या चुलीने निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवली पाहिजे, आणि कणांची मर्यादा अनुक्रमे ३५० आणि १५० मिलिग्रॅम प्रति मेगाज्यूल. चूल घेताना हा क्रमांक विचारा. बंब घेताना एवढं बघा: जाळी जाड आहे का, राखेचं दार नीट उघडतं का, नळीला सांधा कुठे आहे.

आजीचा तांब्याचा बंब आहे. ठेवू की मोडीत देऊ?

पुण्यात तांबट आळीत असे बंब ठोकून घडवले जायचे, पत्रा जाड असायचा. मोडीत दिलात तर तांब्याचे पैसे मिळतील, पण तसा परत मिळणार नाही. रोजच्या पाण्याचा हिशोब साधा आहे: वीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला जेमतेम एक युनिट वीज लागते. वाळलेल्या किलोभर लाकडात चार युनिट उष्णता असते, पण तिच्यातली बरीच धुराड्यातून निघून जाते. गच्चीवर ऊन असेल तर सोलर बसवा, पावसाळ्यापुरता वीज गीझर. आमच्याकडे तसंच केलंय. बंब दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पेटतो, परसात, वाळलेल्या बाभळीवर. बाकीचं वर्ष नळ काढून, आतून कोरडा पुसून, पोतं पांघरून ठेवतो. हिरवं चढलं तर चिंच आणि मीठ लावून घासा.